टाळीवर एक पाऊल

माणसांना चालायला शिकवणं हा माझा व्यवसाय आहे. एकदा शिकून झालेलं चालणं पुन्हा शिकवणं, असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल. मी फिजिओथेरपिस्ट. सांगलीत वाढलो, मिरजेत शिकलो आणि गेली कित्येक वर्षं डब्लिनच्या उत्तर भागात काम करतो. राहायला शहराच्या कडेला, ओंगारला. इथली बहुतेक मराठी मंडळी संगणकवाली. गणपतीला जमलो की ती आपापल्या कंपन्यांचं बोलतात आणि मग कुणीतरी हळूच माझ्या शेजारी येऊन उभं राहतं. "जरा बघ ना रे, इथे खाली, बसलं की धरतं." हातात मोदकाची ताटली धरून मी किती जणांच्या कमरा पाहिल्या असतील, देव जाणे.

पण माझं खरं काम कमरेचं नाही, कंपवाताचं. कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. थरथर हा त्यातला लहान त्रास. मोठा त्रास म्हणजे थिजणं. चालता चालता पाय जमिनीला डिंकाने चिकटल्यासारखे होतात. धड पुढे निघालेलं असतं, पाय मागे राहतात. आणि हे बहुधा दारात होतं. मोकळ्या मैदानात झपाझप चालणारा माणूस स्वतःच्या न्हाणीघराच्या दारात उभाच्या उभा राहतो, जणू आत कुणी परकं आहे. असं का होतं, हे अजून नीटसं कुणालाच सांगता येत नाही.

त्याच माणसाला जिन्यापुढे उभं करा, तो भराभर चढतो. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडत जातो. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना घराच्या फाटकापर्यंत चालता यायचं नाही, पण फाटकाला टेकवलेली सायकल धरून दिली की ते तिच्यावर बसून दुकानापर्यंत जाऊन यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा ढोंगी आहे. दुसऱ्या एक आजी होत्या. त्यांच्या पायापुढे मी छत्री उलटी धरायचो, मूठ जमिनीलगत आडवी. ती मूठ ओलांडायची म्हणून त्या पाऊल उचलायच्या. त्या ऐटीत, आणि मी बाजूने वाकून छत्री पुढे पुढे सरकवत, अशी आमची वरात रस्त्याने निघायची.

सांगायचं ते इतकंच, की आतलं घड्याळ बंद पडलेल्या माणसाला बाहेरचं घड्याळ द्यायचं. रेषेचं द्या, आवाजाचं द्या, तालाचं द्या. हा आमचा धंदा.

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. रुग्ण पडला की मला वाटतं, मीच पाडलं. बायको म्हणते, "उद्या पाऊस पडला तरी म्हणशील, माझंच चुकलं." म्हणून हा अनुभव लिहिताना मी सावध आहे. नको तिथे स्वतःला दोष द्यायची मला सवय आहे आणि हवा तिथे तो निसटतो.

२०२० च्या वसंतात सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. रुग्णांच्या घरी जाणं थांबलं आणि मी सईच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या खोलीत तिच्या टेबलाशी बसून पडद्यावरून लोकांना चालवू लागलो. आकाशात विमानं नव्हती. दिवस हळूहळू लांबत होता, उजेड रात्रीच्या जेवणापर्यंत भिंतीवर रेंगाळायचा. पडद्यावर एकामागून एक घरं तरंगत यायची. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असायचा, त्यामुळे मला कधी नुसतं छत दिसायचं, कधी गुडघे, कधी मांजर. ज्या घरांत मी पाऊल ठेवलं नव्हतं त्यांचे बोळ मला पाठ झाले. स्वप्नात मी त्या बोळांतून फिरायचो आणि एकाचं दार दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडायचं.

त्याच दिवसांत डेक्लन मिळाला. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. या आजाराला ते लहानच. आयुष्यभर गिलाव्याचं काम केलेला, छतं गुळगुळीत करण्यात वाकबगार. सँट्रीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. नात्यातली म्हणावी अशी एक थोरली बहीण, नोरीन, ती देशाच्या दुसऱ्या टोकाला गॉलवेला. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत व्हायचं, तेही त्याच्या डब्लिनच्या इंग्रजीत. मी ते इथे माझ्या भाषेत सांगतो आहे.

"कसा आहेस, डेक्लन?"

"ग्रँड."

आयरिश माणूस पाय मोडला तरी ग्रँडच असतो. मागे दिसणाऱ्या दारात तो सकाळपासून तीनदा अडकला होता, हे नोरीनने फोनवर त्याच्याकडून काढून घेऊन मला आधीच कळवलं होतं.

मी माझं नेहमीचं शस्त्र काढलं. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करणारं यंत्र. टिक म्हटलं की पाऊल. त्याने दोन मिनिटं ऐकलं.

"डॉक, हा बॉम्ब फुटायच्या आधीचा आवाज आहे."

"मी डॉक्टर नाही, डेक्लन."

"तरीच. मी माझं गाणं लावू का?"

ते गाणं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. हिप-हॉप हा शब्दही आपल्याकडे पोचला नव्हता तेव्हा तिथल्या काही पोरांनी युरोपातल्या यंत्रसंगीताची थंडगार सुरावट उचलली, तिच्याखाली ढोलाच्या यंत्राचा खोल ठोका घातला आणि माणसाचा आवाज यंत्रातून गाळून वर सोडला. पुढे या प्रकाराला इलेक्ट्रो-फंक म्हणू लागले. मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाटलं, एखादी रिकामी आगगाडी चांदण्यातून चालली आहे आणि तिचे डबे आपापसांत बोलताहेत. डेक्लनला ती कॅसेट अमेरिकेतल्या मावशीने धाडली होती. तेव्हा तो शाळेत होता. चाळीसारख्या सरकारी इमारतींच्या अंगणात पोरं जमायची, खाली अंथरायला काही गुळगुळीत हवं म्हणून याने आईच्या स्वयंपाकघरातलं लिनोलियम कापून नेलं.

"आईने काय केलं?"

"आईने मला कापलं."

त्या लिनोलियमवर ही पोरं यंत्रमानवासारखी तुटक तुटक हलायची, पाठीवर गिरक्या घ्यायची, मध्येच पुतळा व्हायची. आणि पडायची. "दिवसभर पडायचो," तो म्हणाला. मी ते ऐकलं, आणि हसून सोडून दिलं.

गाणं मला आवडलं, पण गती फार होती. आमच्या शास्त्रात याची धास्ती असते. ठोका रुग्णाच्या चालीपेक्षा जलद असला तर पावलं बारीक बारीक होऊन पळायला लागतात, तोल पुढे जातो आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून मी संगणकावर ते गाणं संथ केलं. त्याच्या चालीला बरोबर बसेल इतकं. यंत्रमानव पाण्याखाली बुडत बुडत गातो आहे असं काहीतरी झालं ते. मला, खरं सांगायचं तर, ते मूळ गाण्याहून आवडलं. एकदा संध्याकाळी मी ते कानाला लावून कालव्याच्या काठाने चाललो. एक बगळा पाण्यात एकेक पाय असा ठेवत होता, की जणू तोही तेच ऐकतो आहे.

डेक्लनचं मत वेगळं होतं. "यांना झोपेच्या गोळ्या दिल्यास का?"

"तुझ्या पायांसाठी केलंय."

"माझ्या पायांना हे ओळखू येत नाही."

दोन आठवडे आम्ही त्या बुडालेल्या गाण्यावर चाललो. तो दारापाशी यायचा आणि थिजायचा. मग एके दिवशी त्याने मला न विचारता मूळ गाणं लावलं, मूळ गतीत, आणि स्वयंपाकघरातून बोळाकडे निघाला. मी खुर्चीतून उठलो. "थांब! डेक्लन, थांब! पडशील!" मी ओरडत होतो आणि तो ढिम्म ऐकत नव्हता. दार उघडून सई आत आली.

"बाबा, यू आर ऑन म्यूट."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. तो ठोक्याठोक्याला पाऊल टाकतच नव्हता. त्या गाण्यात एक टाळी आहे, यंत्राची, एक ठोका सोडून पडणारी. तो फक्त टाळीवर पाऊल टाकत होता. गाणं धावत होतं आणि तो त्याच्या आतून सावकाश, मोठमोठी पावलं टाकत चालला होता, गळ्यापर्यंत पुराच्या पाण्यात असलेला हत्ती चालावा तसा. दारापाशी आला. थांबला. खांदा डावीकडे, खांदा उजवीकडे, टाळी, आणि पलीकडे.

लहानपणी मी सांगलीत चार वर्षं तबला शिकलो. गुरुजी ठाय आणि दुगुन, म्हणजे एकपट आणि दुप्पट बोल, शिकवताना सांगायचे की गती तीच असते, तुम्ही तिच्यात किती जागा घेता तेवढंच बदलतं. मी तालाचं अंग बदलायचं सोडून गाण्यालाच सुरी लावली होती. गुरुजींनी तबल्याची हातोडी फेकून मारली असती.

नोरीनचा फोन त्याच आठवड्यात आला. तिला डेक्लनला नर्सिंग होममध्ये ठेवायचं होतं, गॉलवेत, तिच्या घराजवळ. नर्सिंग होममधल्या मृत्यूंच्या बातम्या रोज येत होत्या, ते तिलाही दिसत होतं.

"तिथे निदान कुणी बघायला तरी असेल," ती म्हणाली. "इथे तो बोळात मरून पडला तर मला कळेल कधी? तुम्हीच सांगा. तुम्ही लिहाल ते आरोग्य खात्याचे लोक ऐकतात."

हे खरं होतं. घरी एकटं राहणं सुरक्षित आहे की नाही, यावर माझं मत मागवलं गेलं होतं. डेक्लनला मी विचारलं तेव्हा त्याने पहिल्यांदा 'ग्रँड' म्हटलं नाही. तो म्हणाला, "हे दार मला ओळखतं, डॉक. तिथलं दार कसं असेल कोण जाणे."

मी लिहिलं, घरी राहू द्यावं.

उन्हाळा गेला, शरद गेला. तो टाळीवर चालत राहिला. मला अभिमान वाटू लागला, आणि इथे माझी चूक सुरू होते. मी दर आठवड्याला त्याचं चालणं बघत होतो आणि फक्त चालणंच बघत होतो.

एकवीस सालच्या जानेवारीत, एका सकाळी, तो चहाचा मग घ्यायला प्रेसकडे वळला. डब्लिनमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. ना दार होतं, ना तो थिजला. वळताना तोल गेला, इतकंच. हाड मोडलं नाही. पण त्याला उठता आलं नाही. दुपारी जेवणाचा डबा देणारी बाई आली तेव्हा तो गार फरशीवर होता, ओठ निळे, बोलणं अडखळतं.

आमच्या धंद्यातलं जुनं सत्य आहे. माणसाला पडणं मारत नाही, पडून राहणं मारतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. आणि डेक्लनला मी जमिनीवरून उठायला एकदाही शिकवलं नव्हतं. पडद्यावरून शिकवताना रुग्णाला जमिनीवर झोपवायचं नाही असा नियम होता, कारण तो उठला नाही तर आपण हात देणार कुठून? नियम बरोबर होता. मी त्याच्या आड सुखाने बसलो होतो.

त्या लाटेत माणसं कमी पडली म्हणून मला इस्पितळाच्या वॉर्डात पाठवलं होतं, तिथेच तो आला. इतके महिने ओळख असून आम्ही प्रथम समोरासमोर भेटलो. मी मास्क, चष्मा, प्लास्टिकचा अंगरखा अशा अवतारात.

"आवाजावरून ओळखलं," तो म्हणाला. "पण तू एवढा बुटका असशील असं वाटलं नव्हतं."

मी म्हणालो, "माझं चुकलं, डेक्लन."

"उंचीचं?"

त्याच दिवसांत सांगलीला आईशी भांडण झालं. ती ऐंशीची, तिथे एकटी, विमानं बंद. मी रोज फोनवर बजावायचो, गच्चीवर जाऊ नको, जिना उतरू नको, बसून राहा. त्या दिवशी ती भडकली. "परक्यास्नी चालवतोस आणि आईला बसवतोस व्हय रे? पडंन की. पडलीस तर काय करशील ते इचार ना कवा तरी." आणि फोन आपटला. ही बाई एरवी माझ्याशी शहरी भाषेत बोलते, रागावली की तिच्या माहेरचं गाव बाहेर येतं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर बैठक झाली. वॉर्डाचे डॉक्टर, गॉलवेहून नोरीन, आणि इथे पलंगाशेजारी मी. मी 'नाही' म्हणायचं ठरवून आलो होतो. एकदा 'हो' म्हणून हा माणूस फरशीवर गारठला होता, पुन्हा तेच लिहायची माझी छाती नव्हती. डॉक्टरांनी माझं मत विचारलं. मी तोंड उघडण्याआधी डेक्लनच बोलला.

"मी परत पडणार, हे मीच सांगतो. म्हणजे याला सांगायला लागू नये."

"मग कसला हट्ट धरलायस तू?" नोरीन म्हणाली.

"नोरी, आम्ही अंगणात दिवसभर पडायचो. कुणी आम्हाला पडू नका असं शिकवलं नाही. उठायला शिकलो."

मग तो माझ्याकडे वळला. "तू मला चालायला शिकवलंस. उठायचं कधी शिकवणार?"

मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. मी वेळ मागितला. फार धैर्याचं काम नव्हतं ते, पण त्या घटकेला माझ्यापाशी तेवढंच होतं.

मग रोज दुपारी वॉर्डाच्या व्यायामाच्या खोलीत मी एक माणूस मुद्दाम जमिनीवर झोपवू लागलो. कुशीवर वळायचं. कोपरावर यायचं. रांगत खुर्चीशी जायचं. एक गुडघा उभा करायचा, दोन्ही हात खुर्चीवर रेटायचे. वर. फोनवर तेच गाणं, मूळ गतीत. बाहेर हिवाळ्याचा दुधासारखा उजेड, आणि मास्कच्या आत माझ्याच श्वासाचा ओलावा. कुशीवर वळण्याची युक्ती त्याच्या अंगात होती, गिरक्यांच्या दिवसांची. बाकीचं नव्हतं. गुडघा उभा राहायचा नाही. शिव्या देत पुन्हा आडवा व्हायचा. काही दिवस तर काहीच जमलं नाही, तो छताकडे बघत पडून राहायचा आणि म्हणायचा, "गिलावा कुणी केलाय इथला? भिकार आहे." खुर्चीशिवाय तो कधीच उठू शकला नाही. खुर्ची असली की हळूहळू उठू लागला. पहिल्यांदा उठला तेव्हा मी खाली बघून फोनवरचं गाणं बंद केलं. मास्कमुळे बरं झालं.

मी नोरीनला फोन करून जसं होतं तसं सांगितलं. खुर्ची हाताशी असेल तर उठेल, नसेल तर नाही. तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "खुर्ची कसली लागते?"

"जड. न सरकणारी. हात असलेली नको."

आठवड्याभरात त्याच्या फ्लॅटवर चार ओकच्या खुर्च्या पोचल्या. एका खोलीला एक.

माझ्या मतात मी लिहिलं: हे गृहस्थ पुन्हा पडतील. खुर्ची जवळ असेल तर त्यांना उठता येतं. घरी जाऊ द्यावं. अहवालात 'पडतील' असं ठाम कुणी लिहीत नाही, आम्ही 'शक्यता आहे' असं लिहितो. वरिष्ठांनी विचारलं, हे असंच ठेवायचं आहे का? मी म्हटलं, असंच.

तो घरी गेल्यावरचा पहिला व्हिडिओ कॉल, पडून पुन्हा उठून दाखवायचा. एका चौकटीत नोरीन, एकीत मी, एकीत त्याचा बोळ.

"पडतोय हं," डेक्लन म्हणाला, आणि भिंतीला धरत खाली गेला, चौकटीच्या बाहेर. राहिला तो बोळ, दार आणि एक रिकामी खुर्ची. गाणं लागलेलं नव्हतं, त्याने लावलंच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता आणि फरशीवर कापड घासल्याचा आवाज. मग तोही थांबला.

"डेक?" नोरीन म्हणाली. "डेक, ऐकतोयस ना?"

उत्तर आलं नाही. माझे हात आपोआप पडद्याकडे गेले, तसे ते रुग्णाकडे जातात. मी ते मागे घेतले आणि मांडीखाली दाबून बसलो. बोटं बधिर झाली. मला वाटलं, मी एका माणसाचं घर बघत नाही, ते घर मला बघतं आहे.

खुर्चीच्या बैठकीवर एक हात आला. मग दुसरा. दोन्ही थरथरत होते. मधे डोक्याचा पांढरा शेंडा, मग कपाळ, मग सगळा डेक्लन, लालबुंद, तोंड उघडं. तो खुर्चीला धरून उभा राहिला आणि आमच्याकडे पाहिलंच नाही. खांदा डावीकडे, खांदा उजवीकडे. आणि दारातून आत, स्वयंपाकघरात गेला.

आम्ही दोघं बोळाकडे बघत राहिलो. नळ सुटल्याचा आवाज आला.

"आता काय करायचं?" नोरीनने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तो चहा करतोय."

तो दिसत नव्हता. आम्ही कॉल बंद केला.